किती ते मोज, काय ते विचारू नकोस

सांगली

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि सोबतचा कराराचा मसुदा, दोन्ही नीट वाचले. पुण्याचा ऑनलाइन क्लास तुमच्या केबल-इंटरनेटच्या धंद्याला दरमहा ठरावीक रक्कम देणार. बदल्यात त्यांच्या ॲपचा डेटा ग्राहकाच्या प्लॅनमधून कापायचा नाही, डेटा संपून स्पीड उतरला तरी त्यांच्या ॲपला पूर्ण स्पीड द्यायचा, आणि रात्री आठ ते अकरा त्यांच्या व्हिडिओला वाट मोकळी ठेवायची. बाबा म्हणतात घेऊन टाकू, केबलमध्ये चॅनेलवाले कॅरेज फी, म्हणजे चॅनेल दाखवण्याचे पैसे, देतातच की. तू म्हणतेस, सावळज-मणेराजुरीच्या पोरांचा अभ्यास फुकट होणार असेल तर त्यात वाईट काय?

एक वाक्य कागदावर लिही आणि ओएलटीच्या, म्हणजे घरोघरीचं फायबर जिथून निघतं त्या यंत्राच्या, कपाटाला आतून चिकटव. किती ते मोज, काय ते विचारू नकोस. नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे तारेवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक, ती हीच. या पत्रात मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळलीस तरी म्हणणार आहे.

तू तासगावची, म्हणून पाण्यावरून सांगतो. पाटबंधारे खातं पूर्वीपासून पीक आणि क्षेत्र बघून पाणीपट्टी लावत आलं. उसाचा दर वेगळा, गव्हाचा वेगळा. म्हणजे शेतात काय उभं आहे हे पाटकऱ्याने येऊन बघायचं, वहीत लिहायचं, आणि मग त्या वहीभोवती जे काय व्हायचं ते व्हायचं. २००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला. त्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचं ठरवलं. घनमीटर मोजा, पैसे घ्या. द्राक्ष लावायची की हरभरा, ते शेतकरी बघेल. कायदा किती ठिकाणी धड उतरला हा वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही. तत्त्व मात्र तेच. तुझं काम घनमीटरचं. मुलगा त्या पाण्यावर क्लास पिकवतो की क्रिकेट, हे बघण्याची वही तुझ्या हातात नको.

आता बाबांची कॅरेज फी. केबलमध्ये कुठले चॅनेल द्यायचे हे ऑपरेटर ठरवतो, ग्राहक त्याच ताटातलं जेवतो. तिथे जागेचे पैसे मागणं निदान समजू शकतं. इंटरनेटला ताट नसतं. ग्राहक जगातल्या कुठल्याही पत्त्यावरून वस्तू मागवतो आणि तू ती आणून देतेस. आणून देण्याचे पैसे त्याने महिन्याच्या सुरुवातीलाच भरलेले असतात. त्याच फेरीचे पैसे तू दुकानदाराकडूनही घेतलेस, की तुझ्या गाडीत कुणाचं पोतं आधी चढेल हे दुकानदार ठरवायला लागतो.

कायद्याचं थोडक्यात आटपतो, कारण तो स्पष्ट आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ८ फेब्रुवारी २०१६ ला डेटाच्या भेदभावी दरांवर बंदी घालणारं विनियमन काढलं. मजकूर बघून डेटाचा दर कमी-जास्त करायचा नाही. आणि दुसरं उपकलम, जे लोक वाचतच नाहीत: तसा परिणाम होईल असा करार, व्यवस्था, नाव काहीही द्या, कुणाशीही करायची नाही. म्हणजे मसुद्यातली 'डेटा न कापण्याची' अट अमलात येण्याआधी, सही करतानाच चुकलेली आहे. उल्लंघनाला दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख. शंभर दिवसांत कमाल मर्यादा गाठली जाते. क्लासवाले वर्षभरात किती देणार आहेत ते तूच शेजारी मांड.

'वाट मोकळी ठेवायची' ही अट दराची नाही, वेगाची आहे, म्हणून ती २०१६ च्या विनियमनात बसत नाही असं त्यांचा वकील म्हणेल. बरोबरच म्हणेल. ती बसते परवान्यात. ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ ला शिफारशी दिल्या, दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये त्या स्वीकारल्या, आणि परवान्याच्या अटींत भेदभावाची व्याख्या आली: अडवणं, खालावणं, हळू करणं, किंवा एखाद्या मजकुराला जादा वेग वा खास वागणूक देणं. शेवटचा तुकडा परत वाच. दुसऱ्याचं नुकसान केलं नाही, फक्त एकाला पुढे काढलं, हा बचाव तिथेच संपतो. भरलेल्या रस्त्यावर एकाला पुढे काढणं म्हणजे उरलेल्यांना मागे ढकलणंच.

तुमच्याकडे सांगली एसएसए, म्हणजे सांगलीच्या टेलिफोन क्षेत्रापुरतं, सी वर्गाचं स्वतःचं इंटरनेट लायसन्स आहे. त्यामुळे 'आम्ही नुसते फ्रँचायझी, वरच्यांना विचारा' हेही म्हणता येणार नाही. आणि 'आम्ही एवढेसे, आमच्याकडे कोण बघतंय' असं तर मुळीच म्हणू नकोस. अमेरिकेत २००५ साली या विषयातली पहिली गाजलेली कारवाई झाली ती मॅडिसन रिव्हर नावाच्या लहानशा टेलिफोन कंपनीवर. तिने व्होनेजचे इंटरनेट कॉल अडवले होते, कारण त्याने तिचा स्वतःचा टेलिफोनचा धंदा बुडत होता. १५ हजार डॉलर भरून तिने प्रकरण मिटवलं. त्या देशात नंतर नेट न्यूट्रॅलिटीचा नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये गेला, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आला आणि २ जानेवारी २०२५ ला अपील न्यायालयाने रद्द केला. तिकडचा हा पाळणा बघून 'आता नियम राहिलेच नाहीत' असं कुणी सांगितलं तर त्याला तुझ्या परवान्याची प्रत दाखव.

आता 'फुकट'. माझी सहनशक्ती इथे संपते, आधीच सांगतो. २०१५ मध्ये हेच 'फुकट' आपल्या दारात आलं होतं. ठरावीक साइटच फुकट देणारं फेसबुकचं इंटरनेट डॉट ऑर्ग फेब्रुवारीत आलं आणि सप्टेंबरात त्याचं नाव फ्री बेसिक्स झालं. एअरटेल झिरो एप्रिलमध्ये आलं, त्यात ॲपवाल्यांनी पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्टने त्याच महिन्यात त्यातून अंग काढून घेतलं. ट्रायच्या ११८ पानी सल्लामसलत पत्रातल्या २० प्रश्नांवर लोकांनी १० लाखांहून जास्त ईमेल धाडले. तेव्हाही गरिबाचं पोर पुढे केलं होतं: त्याला काहीच न मिळण्यापेक्षा थोडं मिळालेलं काय वाईट? वाईट हे, की 'थोडं' म्हणजे नेमकं काय, हे देणारा ठरवतो. तुझ्या तालुक्यातला एखादा मास्तर उद्या स्वतःच्या मोबाइलवर गणिताचे धडे टाकू लागला तर त्याचा एक तास मुलाच्या प्लॅनमधून कापला जाणार आणि पुण्याच्या क्लासचा नाही. मास्तर वाईट शिकवतो म्हणून हरणार नाही. त्याने तुम्हाला पैसे दिले नाहीत म्हणून हरेल. आणि कुणाला कळणारही नाही की तो का हरला.

२०१६ च्या आधी व्हॉट्सॲप पॅक, फेसबुक पॅक विकणाऱ्यांत मीही होतो. टोरंटचे, म्हणजे मोठ्या फाइल वाटून घेण्याचे, पोर्ट दाबणारे नियमही मी लिहिले. तेव्हा कायदा नव्हता. तेव्हा एक एमबीपीएस मुंबईहून इथे आणायला काय पडायचं, दोन एमबीपीएसच्या लाइनवर अख्खी गल्ली कशी चालवायची, हे आजच्या पोरांना सांगून पटणार नाही. गिऱ्हाइकांनाही ते पॅक हवेच होते... बघ, मी पुन्हा कारणं द्यायला लागलो. असो. लोक मला या एका बाबतीत हट्टी म्हणतात ते त्या पॅकमुळेच. किती ते मोज, काय ते विचारू नकोस.

तुझ्या मेसेजमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य शेवटी, ओझरतं आहे: 'तसंही रात्री यूट्यूबमुळे सगळ्यांचंच अडकतं, मग निदान अभ्यास तरी चालू दे.' खरं दुखणं हे आहे, आणि त्यावर औषध आहे.

तुमचे ग्राहक १,४००, वरून घेतलेली लाइन २ जीबीपीएसची. २,००० ला १,४०० ने भाग. माणशी १.४ एमबीपीएस आले. गर्दीच्या वेळी घरटी सरासरी २ एमबीपीएसच्या वर मागणी गेली, आणि आता ती जातेच, तर तुला २.८ जीबीपीएस लागणार. हा यूट्यूबचा गुन्हा नाही, हा भागाकार आहे.

पण खात्रीशिवाय लाइन वाढवू नकोस. आधी कुठे अडतंय ते बघ. दर पाच मिनिटांनी अपलिंकचा, म्हणजे वरून घेतलेल्या लाइनचा, आणि प्रत्येक पॉन पोर्टचा, म्हणजे ओएलटीच्या ज्या तोंडातून एक फायबर अनेक घरांत जातं त्याचा, आकडा नोंदव. ३० दिवसांचे ८,६४० आकडे होतात. सगळ्यात वरचे ५ टक्के, म्हणजे ४३२, बाजूला टाक आणि त्याखालचा आकडा घे. टाकलेले ४३२ म्हणजे ३६ तास. तुमची संध्याकाळची गर्दी रोज तीन तास धरली तर महिन्याला ९० तास, म्हणजे ती त्या ३६ तासांत लपत नाही. आलेखाचा माथा आठला सपाट होऊन अकराला उतरत असेल तर अपलिंक भरलीय. अपलिंकला जागा असून एकाच भागातली घरं रडत असतील तर तिथला पॉन पोर्ट बघ. जीपॉन पद्धतीचा असा एक पोर्ट खाली, घरांच्या दिशेने, २.४८८ जीबीपीएस देतो. ६४ घरं लावलीस आणि सगळी एकदम ओढायला लागली तर घराला ३९ एमबीपीएसच्या आसपास. तिथे १०० चा प्लॅन धडाधड विकलास तर दोष व्हिडिओचा नाही.

आणि एकटंच घर रडत असेल तर काच, म्हणजे फायबर, बघ. एका फायबरच्या आठ वाटा करणारे १:८ चे दोन स्प्लिटर एकामागे एक लावले म्हणजे प्रकाशाची ताकद साधारण २१ डीबीने घटली. पाच किलोमीटर फायबरचे पावणेदोन. जोड आणि कनेक्टरचे एक-दोन. ओएलटी ३ डीबीएमने सोडत असेल तर घरात उणे २१-२२ यायला हवं. उणे २७ ला ओएनयूची, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्याची, सीमा संपते. उणे २५ च्या खाली दिसलं की जोड उघडून साफ कर, नव्याने स्प्लाइस कर, म्हणजे वितळवून जोड. द्राक्षबागेच्या तारेवरून ओढलेली केबल औषध फवारणीच्या ट्रॅक्टरने वाकवलेली असते, आणि शिव्या बिचाऱ्या यूट्यूबला.

अपलिंकच भरलीय असं ठरलं, आणि नवी लाइन यायला महिना-दीड महिना लागणार, तर मधल्या काळात काय? डीपीआयचा, म्हणजे वाहतुकीच्या आत डोकावणारा, डबा बसवून व्हिडिओ ओळखायचा आणि दाबायचा, असं विकणारे तुझ्याकडे येतील. घेऊ नकोस. एक तर वाहतूक सगळी एन्क्रिप्टेड. डबा फार तर साइटचं नाव वाचतो, आणि तेही झाकण्याची सोय आता आली आहे. व्हिडिओ क्विक नावाच्या पद्धतीवर, म्हणजे यूडीपी ४४३ या पोर्टवर चालतो. तो दाबलास तर त्याच रस्त्याने जाणाऱ्या बाकीच्या साइटही मरतात. सीडीएनच्या, म्हणजे अनेक साइटचा मजकूर ठिकठिकाणी ठेवून पोचवणाऱ्या जाळ्याच्या, एका पत्त्यामागे हजारो साइट असतात. व्हीपीएन लावणारा सुटतो, न लावणारा अडकतो. म्हणजे सरळ माणसाला शिक्षा. आणि परवाना ज्याला वाजवी वाहतूक व्यवस्थापन म्हणतो त्याला तीन कसोट्या आहेत: ते प्रमाणात हवं, तात्पुरतं हवं, आणि लोकांना सांगून केलेलं हवं. कायमचा बसवलेला गुपचूप डबा तिन्हींत नापास.

त्याऐवजी रांग नीट लाव. गर्दीत सगळ्यात जास्त त्रास होतो तो राउटरच्या फुगलेल्या बफरचा. दुपारी पिंग १० मिलिसेकंद आणि रात्री नऊला ३०० दिसत असेल तर तेच आहे. त्यावर एफक्यू-कोडेल आणि केक या रांग लावण्याच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींचा कोड उघडा, वापर फुकट. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवरच्या राउटरओएस ७ या प्रणालीत दोन्ही मिळतात. त्या प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करतात आणि बारीक प्रवाहाला आधी सोडतात. त्यामुळे शिकवणाऱ्याचा आवाज, यूपीआयचं पेमेंट, साइटवरची क्लिक आपसूक पुढे सरकते, आणि जाड डाउनलोड जरा थांबतं. कुणाचा प्रवाह आहे हे रांगेला माहीतच नसतं. क्लासला जे विकत हवंय त्यातलं बरंचसं सगळ्यांना असंच मिळतं. किती ते मोज, काय ते विचारू नकोस, याचं यंत्रात उतरलेलं रूप बघायचं असेल तर ते हे.

करताना चुका कुठे होतात ते लिहून ठेव. वरच्या लाइनच्या पूर्ण क्षमतेवर मर्यादा लावू नकोस, ९५ टक्क्यांवर लाव, म्हणजे २ जीबीपीएसला १,९००. नाहीतर रांग तुझ्या राउटरऐवजी वरच्या कंपनीच्या राउटरमध्ये साचते आणि तुझ्या सेटिंगचा काही उपयोग राहत नाही. मायक्रोटिकवर फास्टट्रॅक ही झटपट सोडण्याची सोय चालू ठेवलीस तर वाहतूक साध्या क्यूला, म्हणजे लावलेल्या रांगेला, वळसा घालून जाते. मग दोन रात्री वाया घालवून लोक म्हणतात, केक चालत नाही. रांग ग्राहकाच्या बाजूला, नॅटच्या (अनेक घरांना एकाच आयपी पत्त्यामागे ठेवणाऱ्या सोयीच्या) आधी लाव, नाहीतर तिला घरं वेगळी दिसणारच नाहीत, पन्नास घरं एकच माणूस वाटतील. आणि दीड-दोन जीबीपीएसला एकच केक लावलास तर तो प्रोसेसरच्या एकाच कोअरवर बसून घाम गाळतो. त्यासाठी लिब्रेक्यूओएस नावाचं सॉफ्टवेअर बघ. तो प्रत्येक ग्राहकाला वेगळा केक देतो आणि काम सगळ्या कोअरवर वाटतो. दोन पोर्टचं १० जीचं कार्ड असलेला एक चांगला पीसी लागेल. तो पीसी बंद पडला तर वाहतूक आपोआप बाजूने जाईल अशी दुसरी वाट आधी बांध, मग पीसी लाव. क्रम उलटा करू नकोस.

याने २.८ ची मागणी २ मध्ये मावणार नाही, हे ध्यानात ठेव. रांगेने फक्त अडचण सारखी वाटली जाते. क्षमता आणावीच लागते.

ती स्वस्तात आणायचा सरळ मार्ग कॅशे सर्व्हरचा, म्हणजे वारंवार मागितला जाणारा मजकूर जवळ साठवणाऱ्या यंत्राचा आहे. गूगल, नेटफ्लिक्स, मेटा यांचे कॅशे वरच्या कंपनीकडे किंवा मुंबईच्या एक्स्चेंजवर, म्हणजे इंटरनेट कंपन्या एकमेकांना जोडतात त्या ठिकाणी, असतात, तिथून थेट घेता येतं. सीडीएनला नियमांनी भेदभावाच्या व्याख्येबाहेर ठेवलंय. कुणी म्हणेल, मग हीच पैसेवाल्यांची फास्ट लेन झाली की! फरक आहे. कॅशे गोदाम जवळ आणतो, रस्त्यावर कुणाला थांबवत नाही. उलट तो भार मुंबईच्या लाइनवरून उतरतो आणि बाकीच्यांना जागा होते. पण त्यातही पथ्य पाळ. जागा, वीज, पोर्ट यांचे दर आणि अटी लेखी ठेव, आणि जो कुणी येईल त्याला त्याच अटी. एक्स्चेंजवर जायला स्वतःचा एएस नंबर, म्हणजे आपल्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, आणि किमान २५६ आयपी पत्त्यांचा ब्लॉक लागतो. दोन्ही आयआरआयएनएन या भारतातल्या नोंदणी संस्थेकडून मिळतात. मुंबईत निक्सी, डी-सिक्स, एक्स्ट्रीम आयएक्स ही एक्स्चेंज आहेत. सांगली-मुंबई बॅकहॉलचा, म्हणजे तिथपर्यंतच्या लाइनचा, दर तिघांकडून मागव आणि करारात बिघाड दुरुस्तीचे तास लिहून घे.

क्लासला नकार देताना नुसता नकार देऊ नकोस. त्यांना पोरांपर्यंत पोचायचंय, तर त्याचे वैध रस्ते तूच सुचव. पहिला रस्ता त्यांच्याच घरात आहे. ते १०८० पीचा व्हिडिओ ५ एमबीपीएसने सोडत असतील तर तासाला सव्वादोन जीबी जातात. फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरला एवढं कशाला? ४८० पी, १ एमबीपीएस, तासाला ४५० एमबी. स्थिर स्लाइड असेल तर ३०० केबीपीएस पुरतात, तासाला १३५ एमबी. व्हिडिओ रात्री उतरवून ठेवण्याची सोय ॲपमध्ये करा म्हणावं. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपल्याकडे व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवर स्वतःहून ४८० पीची मर्यादा घातली होती. भार पाठवणाऱ्याने स्वतः कमी करणं आणि वाहणाऱ्याने निवडून कापणं, या दोन गोष्टी एक नाहीत.

दुसरा रस्ता: त्यांना पोरांसाठी पैसे खर्च करायचेच आहेत तर विद्यार्थ्यांच्या घरचं बिल भरावं, किंवा जादा डेटाची कुपनं वाटावीत. पण तो डेटा मोकळा हवा. पोरगं त्यात क्लास बघेल, नाहीतर मॅच बघेल. ट्रायने डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी फुकट द्यावेत अशी शिफारस केली, तेव्हाही तो डेटा कुठल्याही मजकुराला चालावा असंच म्हटलं होतं. क्लासवाले म्हणतील, मग पोरं मॅचच बघतील. बघू देत. त्यांच्या धड्यात दम असेल तर पोरं वळतील. गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्यासाठी तुझी तार भाड्याने मागतायत ते, अभ्यासासाठी नाही. हे मी रागात लिहिलं, पण खोडत नाही.

अपवाद कुठे आहेत तेही माहीत असू दे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तशी वेळ आली तर नियंत्रण कक्ष, दवाखाने, बचाव पथकांची लाइन आधी चालव, आणीबाणीच्या सेवांचा दर उतरव. विनियमन त्याला मोकळीक देतं. दर उतरवलास तर सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचं, एवढं विसरू नकोस. पूर ओसरला की सगळं पूर्ववत. तात्पुरतं म्हणजे तात्पुरतं.

आणि फोन येतील. अमुक पेज बंद करा, तमुक चॅनेल आपल्या गावात दिसता कामा नये. गावचा पुढारी असो की ओळखीचा हवालदार, उत्तर एकच: लेखी आदेश पाठवा. साइट अडवायची ती दूरसंचार विभागाच्या किंवा न्यायालयाच्या लेखी आदेशावर. इंटरनेट बंद ठेवायचा आदेश नियमांत ठरलेल्या सक्षम अधिकाऱ्याचाच लागतो, आणि तो १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आदेश आला तर तंतोतंत तेवढंच नाव अडव. आयपी अडवलास तर शेजारची शंभर दुकानं बंद पडतात. तारीख, वेळ, आदेश क्रमांक, सगळं वहीत.

मोठ्या कंपन्यांबद्दलची तुझी चीड मला कळते. भार त्यांचा, कमाई त्यांची, खांब आपले. दूरसंचार कंपन्यांची संघटनाही म्हणते की जास्त वाहतूक करणाऱ्यांनी वाटा द्यावा. पण तो व्हिडिओ तुझ्या लाइनवर कुणी ढकलला नाही, तुझ्या गिऱ्हाइकाने पैसे भरून मागवला. दक्षिण कोरियाने २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या बाजूवर खर्च टाकणारी पद्धत आणली. थेट गेमिंग व्हिडिओ दाखवणारं ट्विच २७ फेब्रुवारी २०२४ ला तिथून निघून गेलं. त्यांच्या म्हणण्यानुसार तिथला नेटवर्कचा खर्च इतर बहुतेक देशांच्या दहापट होता. मोठे टिकतात, मधले जातात, आणि छोटा मास्तर तर दारातच अडतो.

त्या कंपन्यांना मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. त्यांची जागा वेगळी आहे. बेदाण्याच्या सौद्यात अडत्याने स्वतःचाच माल आधी काढला आणि वर सगळ्यांकडून अडत घेतली, तर तू काय म्हणशील? स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या प्रकरणात ९३६.४४ कोटींचा दंड सांगितला, तो अशाच वागण्यावर. युरोपात मार्च २०२४ पासून अशा द्वारपाल कंपन्यांना आधीच बंधनं आहेत. त्यांना वेसण घालायची ती तिथे. तुझ्या तारेवर टोलनाका उभारून ती घातली जात नाही.

एवढं केल्यावर स्वतःला तपासायची सोयही ठेव. वेही नावाचं ॲप आहे. ते एखाद्या ॲपची नोंदवलेली वाहतूक एकदा जशीच्या तशी आणि एकदा ओळख पुसून पाठवतं, आणि दोन्हींचा वेग ताडून बघतं. तुझ्या तीन वेगवेगळ्या ग्राहकांकडे, राउटरजवळ उभं राहून, रात्री नऊला तीन-तीनदा चालव. एका चाचणीवरून काही ठरवू नकोस, वाय-फायच फसवतं. फरक सतत दिसला तर तुझ्या किंवा वरच्या कंपनीच्या राउटरमध्ये कुणीतरी मजकूर बघतंय. वरच्या कंपनीला निकालासकट लेखी विचार. उत्तर टाळलं तर लाइन बदलण्याची बोलणी सुरू कर.

आता मसुद्याचं. तिन्ही अटी काढ. त्यांच्या जागी हवं तर रॅकमधली जागा आणि पोर्टचं भाडं लिही, दरपत्रक जोडून, जे उद्या कुठल्याही क्लासला लागू पडेल. क्लासने सही केली तर उत्तम. नाही केली तर त्यांना काय हवं होतं ते बाबांनाही कळेल.

बाबांशी भांडू नकोस. त्यांनी खांबावर चढून हा धंदा उभा केलाय, महिन्याची येणारी रक्कम त्यांना दिसणारच. त्यांच्यासमोर तत्त्व ठेवू नकोस, अपलिंकचा आलेख ठेव, आणि शेजारी २ चे ३ जीबीपीएस करण्याचा दर. शनिवारी रात्रीचे दोन्ही आलेख मला पाठव, अपलिंकचा आणि पॉन पोर्टचे. सावळजच्या पोर्टवर किती घरं आहेत तेही लिही. मला वाटतं तिथे ६४ च्या वर कुणीतरी आणखी एक स्प्लिटर लावून ठेवलाय.

तुझा,
काका